पंडिता रमाबाईंना कोणते प्रलोभन होते?

एप्रिल हा आपल्या चळवळीचा महिना. ११ एप्रिलला क्रांतिबा जोतीराव फुले यांची जयंती आणि १४ एप्रिलला परमपूज्य बाबासाहेबांची. या दोन दिवसांच्या आगेमागे वस्तीवस्तीत निळे झेंडे, व्याख्यानमाला, मिरवणुका आणि भोजनदान यांची रेलचेल असते. याच महिन्यातील आणखी दोन तारखा मात्र आपल्या दिनदर्शिकेत नसतात. ५ एप्रिल १९२२ या दिवशी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंचे निधन झाले आणि २३ एप्रिल १८५८ हा त्यांचा जन्मदिवस. रमाबाई म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर माता रमाई उभ्या राहतात, ते योग्यच आहे. पण या दुसऱ्या रमाबाईंची आठवण आम्हाला यंदा वेगळ्याच कारणाने झाली.

काही महिन्यांपूर्वी आमच्या भागातील बुद्धविहारात कार्यकर्त्यांची बैठक होती. विषय एकच. वस्तीतील एक विधवा भगिनी दर रविवारी ख्रिस्ती प्रार्थनासभेला जाऊ लागली होती. तरुण पोरे संतापली होती. तिला पैशाने फितवले, तांदळाच्या पोत्यावर धर्म बदलला, बाबासाहेबांशी गद्दारी केली, असे आरोप झाले. कुटुंबावर बहिष्कार टाकावा असे एकाने सुचवले. शेवटी सर्वांची नजर आमच्याकडे वळली. आम्ही वकील, तेव्हा प्रलोभन दाखवून धर्मांतर केल्याची पोलिसांत तक्रार आम्ही लिहून द्यावी, असे ठरत आले. आम्ही आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांत आम्ही कायद्याची पुस्तके चाळलीच, पण त्याहून अधिक वेळ पंडिता रमाबाईंचे चरित्र आणि त्यांनी १९०७ साली लिहिलेली साक्ष वाचण्यात घालवला. कारण प्रलोभनाचा हाच आरोप सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांच्यावरही झाला होता.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण. वेदशास्त्रसंपन्न. पण त्यांनी एक मोठा गुन्हा केला होता. आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकवले. स्वजातीचा विरोध झाला तेव्हा ते पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले. तिथे रमाबाईंचा जन्म झाला. आईनेच त्यांना संस्कृत शिकवले. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते कायमचेच. देवळाच्या ओसरीवर पुराण सांगायचे आणि मिळेल त्या दक्षिणेवर जगायचे. १८७० च्या दशकातील भीषण दुष्काळात हे कुटुंब अक्षरशः उपाशी मेले. होते नव्हते ते द्रव्य देवांना आणि भटांना दान करून संपले होते. अंगमेहनत करावी, तर ब्राह्मण्य आड येत होते. वडील गेले, मग आई गेली, मग थोरली बहीण. आईच्या तिरडीला खांदा द्यायला माणसे मिळेनात, म्हणून पोरसवदा रमाबाईंना स्वतः तिरडी उचलावी लागली. ज्या धर्मासाठी या कुटुंबाने सर्वस्व दिले, त्या धर्माने त्यांना घासभर अन्न दिले नाही, हे रमाबाई आयुष्यभर विसरल्या नाहीत.

उरलेली दोन भावंडे, रमाबाई आणि श्रीनिवास, हजारो मैल पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. ब्राह्मो नेते केशवचंद्र सेन यांनी तिला वेद वाचण्याचा आग्रह केला. तोवर स्त्रीने वेद वाचू नये, या आज्ञेला त्या मान देत आल्या होत्या. मग त्यांनी धर्मशास्त्रे बारकाईने वाचली, आणि आपल्या दृष्टीने अत्यंत मोलाची गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. ही शास्त्रे एकमेकांशी शेकडो बाबतीत भांडतात, परंतु दोन बाबतीत त्यांचे एकमत आहे. स्त्री, मग ती उच्च जातीची असो वा नीच, जात्याच वाईट आहे, तिला पुरुषासारखा मोक्ष नाही. आणि शूद्रातिशूद्रांची गतही तीच. त्यांनी पुण्य साठवावे, पुढल्या जन्मी वरच्या जातीत पुरुष म्हणून जन्मावे आणि मग मोक्षाची गोष्ट काढावी. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली. त्याच्या जवळजवळ अर्धशतक आधी एका ब्राह्मण मुलीने शास्त्रांच्या आतून हा निकाल वाचला होता, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. ते जन्माने शूद्र मानल्या गेलेल्या जातीचे. दोघांचाही ना हिंदू धर्मावर विश्वास ना ख्रिस्ती धर्मावर, म्हणून विवाह नोंदणी पद्धतीने झाला. आमच्यासारख्या वकिलाला यात विशेष रस वाटतो. १८७२ च्या त्या विवाह कायद्याखाली लग्न करताना आपण प्रचलित धर्मांपैकी एकही मानत नाही, असे जाहीर करावे लागे. म्हणजे ख्रिस्ती होण्यापूर्वीच रमाबाई हिंदू धर्मातून कायद्याने आणि मनाने बाहेर पडल्या होत्या. नवऱ्याच्या सिल्चरच्या घरात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाचे एक बंगाली पुस्तक सापडले. त्यांनी आवडीने ते वाचायला घेतले. पण मेधावींना पत्नीने ख्रिस्ती व्हावे हे पसंत नव्हते. १८८१ साली मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने पती गेला. वयाच्या २३ व्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

त्या पुण्यात आल्या. १८८२ मध्येच त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. स्त्रियांना शिक्षिका हव्यात, स्त्री डॉक्टर हव्यात, अशी त्यांची मागणी होती. याच आयोगाला त्याच वर्षी महात्मा फुल्यांनी निवेदन देऊन शूद्रातिशूद्रांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. एकाच शहरातून, एकाच वर्षी, एकाच आयोगापुढे हे दोन आवाज उठले.

डॉक्टर होण्यासाठी रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. पुढे श्रवणदोषामुळे तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. निघताना आपण धर्म बदलणार नाही, असे त्या सांगून गेल्या होत्या. मग काय घडले? त्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथील एक आश्रम दाखवला. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना तिथे आसरा होता, काम होते, आणि त्यांच्याशी कोणी तुच्छतेने बोलत नव्हते. रमाबाईंना आश्चर्य वाटले. शास्त्रांत अशा स्त्रीला देहदंड सांगितला होता, इथे तिची शुश्रूषा चालली होती. याचे कारण विचारले, तेव्हा भगिनींनी योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीकाठची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट आपल्या वाचकांनी मुद्दाम समजून घ्यावी. शोमरोनी ही यहुद्यांनी अव्हेरलेली जमात. यहुदी त्यांच्याशी भांड्याचाही व्यवहार ठेवत नसत. भर दुपारी एक शोमरोनी बाई विहिरीवर येते. तिची चालही गावाच्या नजरेत चांगली नाही. आणि येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. तिला धक्काच बसतो. मग तो तिला सांगतो की परमेश्वराची उपासना अमुक डोंगरावर किंवा तमुक नगरीतच झाली पाहिजे असे नाही, आणि जे जीवन तो देऊ करतो ते तिलाही, तिथल्या तिथे, फुकट आहे. आपल्याला ही गोष्ट परकी वाटायचे कारण नाही. भगवंतांचे शिष्य आनंद यांनी चांडालकन्या प्रकृतीकडे पाणी मागितले होते. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात प्रकृतीच्या दीक्षेची कथा आवर्जून घेतली. आणि २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर आपण काय मागत होतो? पाणीच ना?

रमाबाईंनी तो अध्याय वाचला आणि त्यांच्या मनाने कौल दिला की भारतातील पिचलेल्या स्त्रीला असाच कोणी वर काढू शकेल. काशीचे शास्त्री असून ख्रिस्ती झालेले नेहेम्या गोऱ्हे यांच्या लिखाणाने त्यांच्या बुद्धीच्या शंका फेडल्या होत्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात गदारोळ उठला. काल ज्यांनी पंडिता म्हणून हार घातले, त्यांनीच आज शिव्या घातल्या. अशा वेळी पाठीशी उभे राहिले ते जोतीराव फुले. १८८५ मध्ये काढलेल्या सत्सारच्या अंकांत त्यांनी रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली. शास्त्रे वाचून त्यातला स्त्रीशूद्रद्वेष कळला, म्हणून ही विदुषी बाहेर पडली, अशी त्यांची भूमिका होती. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि सार्वजनिक सत्यधर्म सांगितला. पण दुसऱ्याने विचारपूर्वक निवडलेल्या वाटेवर त्यांनी दगड टाकला नाही.

आता प्रलोभनाकडे वळू. रमाबाईंना कोणते प्रलोभन होते? मान होता तो गेला. आप्त म्हणावे असे कोणी उरले नव्हते, उरलेसुरले स्नेहीही दुरावले. बरे, धर्म बदलून त्या पाद्र्यांच्या ताटाखालचे मांजर झाल्या म्हणावे, तर तेही नाही. इंग्लंडमध्ये असतानाच त्यांनी धर्मगुरूंशी वाद घातले. त्रैक्याचा सिद्धांत पटेना, तेव्हा पटत नाही असे तोंडावर सांगितले. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत हवीत, असा हट्ट धरला. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये, असे बिशपांचे मत पडले, तेव्हा त्याचाही प्रतिवाद केला. एका पुरोहितशाहीचे जू नुकतेच फेकून दिलेली बाई दुसरे जू मानेवर घ्यायला तयार नव्हती.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि बोस्टनमध्ये त्यांच्या कार्यासाठी मंडळ उभे राहिले. त्या मंडळाने १० वर्षे मदत देण्याचे कबूल केले ते कोणत्या शाळेसाठी? जिथे धर्माची सक्ती असणार नाही अशा शाळेसाठी. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. तिथे विधवा मुलींना आपापले सोवळेओवळे पाळायची मोकळीक होती. आक्षेप एवढाच निघाला की रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करतात तेव्हा दार उघडे असते आणि काही मुली आपण होऊन आत जाऊन बसतात. १८९३ साली केसरीने रान उठवले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी सुमारे २५ मुली काढून नेल्या. विधवेला विद्रूप करणाऱ्या समाजाला तिचे केशवपन डाचले नाही, उघडे दार मात्र डाचले.

याच काळात रमाबाईंच्या आतही एक उलथापालथ झाली होती. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नाही. हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचताना हे लख्ख झाले. तोवर त्या धर्माकडे नियम, सिद्धांत आणि सत्कृत्ये म्हणून पाहत होत्या. म्हणजे पुन्हा पुण्य कमावणे आलेच. ख्रिस्ती श्रद्धेचे मर्म तसे नाही. परमेश्वर बोलावतो ते लायकी पाहून नव्हे. आमंत्रण आधी येते, माणूस बदलतो तो नंतर. त्याला ते कृपा म्हणतात. त्या आमंत्रणाला होकार द्यायला जात लागत नाही, पुरुषदेह लागत नाही, पुढचा जन्म लागत नाही. ज्या स्त्रीला जन्मभर तू अपात्र आहेस असे शिकवले गेले, तिला हे बोलावणे कसे वाटले असेल? आमचे म्हणणे असे की रमाबाईंनी होकार दोनदा दिला. १८८३ साली बुद्धीने आणि १८९१ साली मनाने.

हा मनाचा होकार पोकळ नव्हता याची साक्ष केडगाव देते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. स्वतःच्या बालपणीचा दुष्काळ त्यांना आठवला. शेकडो उपाशी, बेवारस मुलीबायांना त्या घेऊन आल्या. त्यांत सर्व जातींच्या होत्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्ती सदनात २,००० च्या आसपास माणसे जमली. शेती, विणकाम, तेलघाणी, दुग्धालय, छापखाना अशी कामे बाया करू लागल्या. फसवलेल्या, टाकलेल्या स्त्रियांसाठी वेगळे घर काढले, त्याचे नाव कृपा सदन. आंधळ्यांसाठीही सोय केली. १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांचे जे हाल झाले, त्यावर त्यांनी वृत्तपत्रातून इंग्रज सरकारला जाहीर जाब विचारला. गोऱ्यांचा धर्म घेतला म्हणून गोऱ्या सरकारची भाटगिरी त्यांनी केली नाही. अखेरची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली, आणि केडगावच्या मुलींनी त्याचे खिळे जुळवले. १९२१ साली लेक मनोरमा गेली. ते दुःख गिळून भाषांतर संपवले आणि १९२२ साली त्या गेल्या.

आम्ही रमाबाईंची आरती ओवाळत नाही. त्यांच्या ग्रंथाच्या नावातच उच्चवर्णीय स्त्री आहे. दलित स्त्रीचे दुःख त्यांच्या दारी आले ते दुष्काळाने आणले, जातिव्यवस्थेविरुद्धच्या लढ्याने नव्हे. शास्त्रांत स्त्री आणि शूद्र एकाच साखळीने बांधलेले आहेत हे ज्यांनी ओळखले, त्या फुल्यांच्या चळवळीत मात्र उतरल्या नाहीत. आणि ज्या धर्मात आमंत्रणाला जात लागत नाही, त्याच्या भारतातील कित्येक चर्चमध्ये बसायच्या जागा आणि पुरायच्या जागाही जातीप्रमाणे वेगळ्या राहिल्या, याबद्दल बाबासाहेबांनी स्पष्ट शब्दांत जाब विचारला आहे. आमचा मार्गही वेगळा आहे. आम्ही ईश्वर मानत नाही, म्हणून त्याची कृपाही मागत नाही. तथागत मार्गदाता आहेत, मोक्षदाता नाहीत. चालायचे आपले आपण. पण बोलावणे आपल्याकडेही आहे. धम्माला एहिपस्सिको म्हणतात, म्हणजे या आणि स्वतः पाहा. जो धम्म असे बोलावतो, त्याच्या अनुयायांनी दुसऱ्या दाराशी गेलेल्या बाईला पोलिसांच्या हवाली करावे काय?

कायद्याचे बोलायचे तर राज्यघटनेचे कलम २५ सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य प्रत्येकाला देते. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असे म्हटले. पण स्वतःची श्रद्धा स्वतः निवडणे हा ज्याचा त्याचा हक्क राहतोच. बळजबरी आणि फसवणूक हा गुन्हा असलाच पाहिजे. प्रश्न आहे तो प्रलोभन या शब्दाचा. तो इतका सैल वापरला जातो की भुकेल्याला अन्न देणेही त्यात बसवता येते. आणि ही तलवार फक्त ख्रिस्त्यांवर चालेल या भ्रमात कोणी राहू नये. एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या गृहखात्याने परिपत्रक काढून बजावले की हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जायचे तरी जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागेल. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखो लोक परवानगीचा अर्ज घेऊन रांगेत उभे राहिले असते तर? १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर बाबासाहेबांवरही सौदेबाजीचे आरोप झालेच होते. जो शब्द आपल्यावर फेकला गेला, तोच उचलून आपण एका विधवेवर फेकायचा?

आठ दिवसांनी आम्ही तक्रार लिहून दिली नाही. दोन कार्यकर्त्यांना घेऊन त्या भगिनीच्या घरी गेलो. तिने आधी पाणी दिले, मग चहा टाकला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती तिथेच होती. तांदळाचे पोते काही दिसले नाही. तिला एवढेच विचारले की तिकडे का जातेस. तिने सांगितले की दारूने नवरा गेला, त्यानंतर प्रार्थनेच्या बाया महिनाभर रोज येऊन बसत होत्या. मुलाच्या तापात रात्र जागल्या. आपली माणसे पुण्यानुमोदनाला आली, भाषणे झाली, मग कोणी फिरकले नाही. हे सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले. आमच्या बरोबरचे दोघेही पोर खाली मान घालून चहा पीत होते.

तिची श्रद्धा फक्त या सोबतीची परतफेड आहे, असेही आम्ही म्हणणार नाही. रमाबाईंचा होकार जसा त्यांचा होता, तसा हिचाही तिचाच आहे. तो तपासायचा अधिकार आम्हाला नाही. आम्हाला तपासायचे आहे ते आमचे दार. पुढच्या बैठकीत बहिष्काराचा ठराव मागे घेतला गेला. त्याऐवजी वस्तीतील विधवा आणि एकट्या राहणाऱ्या स्त्रियांची यादी करून, आळीपाळीने त्यांच्याकडे जायचे ठरले. यादीत ४० च्या वर नावे निघाली. पहिले नाव त्याच भगिनीचे आहे आणि ते खोडायचे नाही, असेही ठरले.

या एप्रिलमध्ये जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक दिवस कमी करता येईल काय, याचा वाचकांनी आपापल्या वस्तीत विचार करावा. जयभीम.